एक डाव जिंकून दिव्या देशमुख थेट ग्रँडमास्टर कशी झाली?

महिला बुद्धिबळ विश्वचषकाचा अंतिम सामना जुलै 2025 मध्ये जॉर्जियातील बाटुमी शहरात झाला. दोन्ही खेळाडू भारतीय होत्या: नागपूरची 19 वर्षांची दिव्या देशमुख आणि आंध्र प्रदेशची 38 वर्षांची कोनेरू हंपी. हंपी 2002 मध्ये ग्रँडमास्टर झाली, तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता.

रेटिंग म्हणजे काय?

खेळाडूची ताकद आकड्यात सांगणारी ही पद्धत आहे. दोघांमध्ये 100 गुणांचा फरक असेल, तर वरच्या खेळाडूने 100 पैकी साधारण 64 गुण मिळवावेत, असं गणित सांगतं. त्यामुळे बलाढ्य खेळाडूला हरवलं की रेटिंग जास्त वाढतं. पिंपळगाव राजासारख्या गावातल्या मुलालाही मान्यताप्राप्त स्पर्धांत रेटिंग असलेल्या खेळाडूंशी किमान 5 डाव खेळून पहिलं रेटिंग मिळवता येतं.

या सामन्याआधी हंपीचं रेटिंग 2500 च्या वर होतं, तर दिव्याचं त्याखाली.

सामन्यात काय झालं?

आधीचे दोन दीर्घ डाव बरोबरीत सुटले. 28 जुलैला टायब्रेक झाला. प्रत्येकीला 15 मिनिटं आणि दर चालीला 10 सेकंद जादा. हंपी 2019 आणि 2024 ची जागतिक रॅपिड विजेती, म्हणजे हा प्रकार तिच्या हातचा. पहिला जलद डावही बरोबरीत सुटला. दुसऱ्या डावात दिव्याकडे काळी मोहरी होती. घड्याळातली वेळ संपत आली तशा हंपीकडून चुका झाल्या आणि दिव्याने 2.5-1.5 असा सामना जिंकला.

मग ग्रँडमास्टर किताब कसा मिळाला?

एरवी यासाठी दोन अटी असतात: 2500 रेटिंग आणि तीन ‘नॉर्म’, म्हणजे तगड्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतली ठरावीक दर्जाची कामगिरी. अनेकांची यात वर्षानुवर्षं जातात. दिव्याकडे तेव्हा एकही नॉर्म नव्हता. पण काही मोठ्या स्पर्धांच्या विजेत्यांना हा किताब थेट मिळतो आणि महिला विश्वचषक त्यातलाच एक.

त्यामुळे दिव्या भारताची 88 वी ग्रँडमास्टर ठरली. हा मान मिळवणारी ती चौथी भारतीय महिला. याआधी हंपी, द्रोणावल्ली हरिका आणि आर. वैशाली यांनी तो मिळवला होता. यातल्या हरिकाला दिव्याने याच स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत हरवलं होतं.