‘५४७ नाही, ५४८ चालेल’

ग्रँट रोड स्टेशनाच्या पूर्वेला उतरून डॉ. भडकमकर मार्ग विचारला, तर टॅक्सीवालाही डोकं खाजवेल. लॅमिंग्टन रोड म्हणा, लगेच हात दाखवेल. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ मुंबईचे गव्हर्नर होते. आपल्या नावाच्या रस्त्यावर पुढे ट्रान्झिस्टर विकले जातील, हे त्यांच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. ट्रान्झिस्टरचा शोधच १९४७ चा.

१९७५ च्या ऑगस्टमध्ये इथल्या मिनर्व्हाला ‘शोले’ लागला तो पाच वर्षं उतरला नाही. त्याच रस्त्यावर दुसरी एक गर्दी असे, घरी रेडिओ जुळवणाऱ्यांची. रेडिओला तेव्हा पोस्टातून परवाना काढावा लागे. १९६९ साली दिल्लीत सुरू झालेल्या ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’सारख्या मासिकांतली सर्किटं कागदावर उतरवून मंडळी इथल्या सुट्या भागांच्या दुकानांच्या काउंटरवर यायची. यादीतलं सगळं मिळेलच असं नसे. दुकानदाराची कसोटी तिथेच लागायची: बीसी ५४७ ट्रान्झिस्टर संपला असेल तर ५४८ चालेल का? पायांचा क्रम तोच. फक्त ५४७ ला ४५ व्होल्ट सोसतात, ५४८ ला ३०. नऊ व्होल्टच्या बॅटरीला दोन्ही सारखेच. कॉलेजात हे शिकवत असतीलही, पण अनेकांची खरी शिकवणी त्या काउंटरवर झाली.

मग रेडिओ-कॅसेटचे तयार टू-इन-वन स्वस्त झाले. रेडिओ जुळवून ना पैसे वाचत, ना कुणी कौतुक करी. दुकानांत कॉम्प्युटरचा माल आला, मागोमाग सीसीटीव्ही.

छंदाला पुन्हा पालवी फुटली ती परदेशी बोर्डांमुळे: २००५ मध्ये इटलीतला आर्डुइनो, २०१२ मध्ये ब्रिटनचा रास्पबेरी पाय. अटल टिंकरिंग लॅबसाठी शाळांना केंद्र सरकारचं २० लाखांपर्यंत अनुदान मिळू लागलं आणि सहावी-सातवीतलं गिऱ्हाईकही तयार झालं. या मुलांना डाख द्यावा लागत नाही, वायर खोचली की झालं. जुन्यांना हे जरा मिळमिळीत वाटतं. रोझिनच्या धुराशिवाय कसलं सर्किट?

पण सुट्या भागांवाचून यांचंही अडतंच. अंतर मोजणारा एचसी-एसआर०४ सेन्सर ५ व्होल्टवर चालतो आणि उत्तरही ५ व्होल्टमध्येच देतो. रास्पबेरी पायच्या पिनेला ३.३ च्या वर झेपत नाही. सरळ जोडलं तर काही हजारांचा बोर्ड जायचा. उपाय म्हणजे व्होल्ट उतरवणारे १ आणि २ किलोओहमचे दोन रेझिस्टर, अंगावरच्या रंगांनी ओळखायचे: तपकिरी-काळा-लाल आणि लाल-काळा-लाल. सुटे मात्र मिळत नाहीत. अख्खी पट्टी घ्यावी लागते.