हिरड्या आणि हृदय : एका तर्काचा इतिहास

१९१० साली माँट्रिअलच्या मॅक्गिल विद्यापीठात लंडनचे डॉक्टर विल्यम हंटर यांनी मुखातील जंतुदोष हे अनेक व्याधींचे मूळ असल्याचे प्रतिपादिले. त्या तर्कापायी पुढे असंख्य दात विनाकारण उपटले गेले आणि अखेर तर्कच बदनाम झाला. १९८९ साली फिनलंडमधील संशोधकांनी दंतरोग व हृदयविकार यांचा संबंध पुन्हा निदर्शनास आणला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या १२० रुग्णांवरील प्रयोगात हिरड्यांच्या सखोल उपचारांनंतर सहा महिन्यांनी रक्तवाहिन्यांचे कार्य सुधारलेले आढळले. तथापि २०१२ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने संबंध मान्य करूनही कार्यकारणभाव सिद्ध झाला नसल्याचे बजावले. साहचर्य म्हणजे कारण नव्हे, हा विवेक मला या इतिहासाचे सार वाटतो. तो सुटला, तेव्हा किंमत रुग्णांनी मोजली.