गारपीट, धुके आणि मराठवाड्यातील महामार्ग

लातूर-नांदेड परिसरात हिमवर्षाव होत नाही. मात्र हिवाळ्यात आणि हिवाळा सरताना धुके व गारपीट ही दोन संकटे येथील रस्त्यांवर उतरतात. तुळजापूरहून औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा या मार्गाने नांदेडला आणि पुढे नागपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ३६१ वरील वाहनचालकांना दोहोंची जाण असणे आवश्यक आहे.

गारपीट : उत्तरेकडील थंड, कोरडी हवा आणि समुद्रावरील बाष्पयुक्त हवा एकत्र आल्यास गडगडाटी ढग तयार होतात. ढगातील ऊर्ध्वगामी प्रवाहांमुळे जलबिंदू गोठतात व बर्फाचे थर चढून जड झालेल्या गारा कोसळतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यासह राज्याच्या मोठ्या भागात गारपीट होऊन रब्बी पिके व फळबागा उद्ध्वस्त झाल्या. अशा वेळी चर्चा शेतीची होते. रस्त्यावरील धोका मागे पडतो. गारांनी काचा फुटतात, त्यांच्या थरावरून चाके घसरतात. ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर डांबरावर आलेली काळी माती पहिल्याच सरींनी निसरडी होते.

धुके : निरभ्र, शांत रात्री जमीन लवकर थंडावते. गोदावरी-मांजराकाठी आणि पाणी दिलेल्या शेतांवर त्यामुळे पहाटे धुके साचते. उसाचा गाळप हंगामही याच काळातला. ट्रॉलीबाहेर लोंबणाऱ्या उसामुळे मागील दिवे व परावर्तक झाकले जातात. ताशी ८० किलोमीटर वेगाने वाहन सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते. ५० मीटरवर ट्रॉली दिसली, तर हाती जेमतेम दोन सेकंद उरतात.

दक्षता : धुक्यात वेग कमी ठेवावा, दिव्यांचा झोत खाली असावा आणि ओव्हरटेक टाळावे. गारपिटीत वाहन रस्त्यापासून दूर, पेट्रोल पंप वा ढाब्याच्या आवारात उभे करावे; झाडाखाली थांबू नये. विजा चमकत असताना बंद मोटारीतच बसून राहावे, दुचाकीस्वारांनी पक्क्या इमारतीचा आसरा घ्यावा. निघण्यापूर्वी हवामान खात्याचा तात्कालिक अंदाज पाहावा. मदतीसाठी राष्ट्रीय महामार्गांवर १०३३ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक आहेत.

ट्रॉलीच्या मागे लाल परावर्तक स्पष्ट दिसेल अशा रीतीने लावणे ही ऊस वाहतूकदारांची जबाबदारी आहे. धुक्यात मागून येणाऱ्याला इशारा देणारे ते एक महत्त्वाचे साधन असते.