स्कायलाइन जीटी-आर आर३४ : बाहेरून सगळ्या सारख्याच, मग एकीची किंमत दुसरीच्या तिप्पट का?

‘फास्ट अँड फ्युरियस’ बघितलेल्या माणसाला ही गाडी दाखवा, दोन सेकंदांत नाव सांगेल. मागं चार गोल लाइट, डिकीवर उंच स्पॉयलर, रंग निळा नाहीतर चंदेरी आणि स्टिअरिंगवर पॉल वॉकर. निसान स्कायलाइन जीटी-आर आर३४. २००९ च्या सिनेमात वॉकरनं चालवलेली निळी आर३४ मे २०२३ मध्ये बॉनहॅम्सच्या लिलावात १३ लाख ५७ हजार डॉलरला विकली गेली. तेव्हाच्या हिशोबानं ११ कोटी रुपयांच्या वर.

ती सिनेमातली गाडी होती म्हणून तो आकडा बाजूला ठेवू. पण सिनेमाशी काडीचा संबंध नसलेली आर३४ घ्यायला निघालेला माणूसही आधी नावांपाशी अडकतो. एका जाहिरातीत नुसतं जीटी-आर, दुसरीत व्ही-स्पेक, पुढं व्ही-स्पेक टू, एम-स्पेक आणि सगळ्यात वर न्यूर. फोटोत बघितलं तर सगळ्या बहिणी-बहिणी. किंमत मात्र एकीची दुसरीच्या दुप्पट, कधी तिप्पट.

मग हा फरक आहे तरी कशाचा, आणि त्यातला कुठला फरक पैसे मोजण्याच्या लायकीचा आहे?

सुरुवात १९८९ पासून करावी लागते. त्या वर्षी निसाननं रेसिंग डोळ्यासमोर ठेवून आर३२ जीटी-आर आणली. जपानच्या टूरिंग कार स्पर्धेत १९९० ते १९९३ या चार हंगामांत तिनं २९ पैकी २९ शर्यती जिंकल्या. ऑस्ट्रेलियातल्या एका मासिकानं तिला ‘गॉडझिला’ म्हटलं आणि ते नाव कायमचं चिकटलं. १९९५ ला आर३३ आली. जानेवारी १९९९ मध्ये आर३४ आली आणि ऑगस्ट २००२ मध्ये बंदही झाली, कारण जपानमध्ये धुराचे नियम कडक झाले. त्याच सुमारास टोयोटा सुप्रा आणि माझदा आरएक्स-७ यांनाही निरोप मिळाला. साडेतीन वर्षांत आर३४ जीटी-आर तयार झाल्या फक्त साडेअकरा हजारांच्या आसपास.

या सगळ्यांत इंजिन एकच, २.६ लिटरचं, सहा सिलेंडर एका ओळीत, दोन टर्बो. नाव आरबी२६डीईटीटी. सोबत सहा गिअरचा गेट्राग गिअरबॉक्स आणि चारही चाकांना ताकद देणारी अटेसा यंत्रणा. कागदावर ताकद २८० पीएस. पण जपानी कंपन्यांनी आपसांत ठरवून घेतलं होतं की कुणीच २८० च्या वरचा आकडा छापायचा नाही. त्यामुळं खरी ताकद त्याहून जास्त असूनही ब्रोशरमध्ये प्रत्येक मॉडेलपुढं तोच आकडा दिसतो. म्हणजे ब्रोशर वाचून मॉडेल निवडायला जाल, तर हाती काही लागणार नाही.

आधी ती जीटी-आर आहे का ते बघा

स्कायलाइन हे घरातल्या साध्या गाडीचंही नाव होतं. आर३४ पिढीत चार दरवाज्यांची स्कायलाइन होती, टर्बो नसलेली होती आणि जीटी-टी नावाची टर्बोवालीही होती. जीटी-टीचं इंजिन २.५ लिटरचं, एकच टर्बो, ताकद फक्त मागच्या चाकांना. गाडी म्हणून उत्तम. पण तिला जीटी-आरचे रुंद फेंडर, बंपर, स्पॉयलर आणि लाल ‘आर’चा बिल्ला लावला की लांबून ओळखता येत नाही. असे बदल हौसेनं करणारे भरपूर आहेत आणि त्यात गैर काही नाही. गैर तेव्हा होतं, जेव्हा तीच गाडी चौथ्या मालकाकडून पाचव्याकडं जाताना जीटी-आर म्हणून जाते.

ओळखायचं कसं? चेसिस नंबर बघायचा. खऱ्या आर३४ जीटी-आरचा नंबर बीएनआर३४ ने सुरू होतो, जीटी-टीचा ईआर३४ ने. बॉनेट उघडलं की आत कंपनीची छोटी पट्टी असते, तिच्यावर मॉडेलचा कोड आणि मूळ रंगाचा कोड कोरलेला असतो. साधी जीटी-आर आणि व्ही-स्पेक दोघींचा चेसिस नंबर बीएनआर३४ नेच सुरू होत असल्यानं त्यांच्यातला फरक या पट्टीवरच्या मॉडेल कोडवरून काढावा लागतो. मागं चिकटवलेला व्ही-स्पेकचा बिल्ला पुरावा म्हणून धरायचा नाही. तो सुटा विकत मिळतो.

आता नावांचा उलगडा

साधी जीटी-आर नवी होती तेव्हा साधारण ५० लाख येनला मिळायची. व्ही-स्पेक ५६ लाखांना. या वरच्या ६ लाखांत मागच्या चाकांसाठी संगणकावर चालणारं डिफरन्शिअल मिळायचं, सस्पेन्शन जास्त कडक व्हायचं आणि गाडीच्या पोटाखाली हवा नीट वाहून नेणारे पत्रे यायचे, त्यातला मागचा कार्बन फायबरचा. डॅशबोर्डवरच्या स्क्रीनवर दोन जादा तापमानंही दिसायची. ट्रॅकवर हे सगळं कळतं. रोजच्या रस्त्यावर मात्र व्ही-स्पेकचं कडक सस्पेन्शनच आधी कळतं, तेही कमरेला.

ऑगस्ट २००० मध्ये व्ही-स्पेक टू आली. तिची खूण म्हणजे हवा आत घ्यायला खाच असलेलं कार्बन फायबरचं बॉनेट. मागच्या ब्रेकच्या डिस्क मोठ्या झाल्या, आतल्या सजावटीत थोडे बदल झाले. बाकी व्ही-स्पेकच. हे बॉनेट देखणं आहे यात वाद नाही, पण नुसत्या बॉनेटसाठी मोठी रक्कम वर मोजणाऱ्यानं एवढं लक्षात ठेवावं की तसंच दिसणारं बॉनेट बाजारातून आणून कुठल्याही आर३४ वर बसवता येतं.

मे २००१ मधली एम-स्पेक हे यातलं सगळ्यात वेगळं प्रकरण. यातला ‘एम’ म्हणजे निसानचे अभियंते काझुतोशी मिझुनो, असं मानलं जातं. पुढं आर३५ जीटी-आर त्यांच्याच देखरेखीखाली घडली. एम-स्पेकमध्ये बारीक धक्केही गिळणारे खास डॅम्पर आहेत, गरम होणाऱ्या लेदर सीट आहेत आणि बॉनेट पुन्हा ॲल्युमिनियमचं आहे. वेगाच्या वेडात काढलेल्या गाडीला माणसात आणायचा हा प्रयत्न. तेव्हा ती कमी बनली आणि पोस्टरवरही फारशी आली नाही. पण लांबच्या प्रवासाला आर३४ वापरायची असेल, तर सगळ्या भावंडांत हीच उजवी.

शेवटी फेब्रुवारी २००२ मध्ये न्यूर आली. जर्मनीतल्या न्यूरबर्गरिंग ट्रॅकवरून हे नाव घेतलं. व्ही-स्पेक टू न्यूर आणि एम-स्पेक न्यूर असे दोन प्रकार मिळून गाड्या जेमतेम हजार. किंमत ६१ आणि ६३ लाख येन. न्यूरमध्ये वेगळं आहे ते इंजिन. रेसिंगसाठीच्या एन१ इंजिनाचा जास्त मजबूत ब्लॉक, तोलून बसवलेले भाग आणि सोनेरी कव्हर. स्पीडोमीटर थेट ३०० पर्यंत. साध्या जीटी-आरच्या टर्बोमधलं चाक सिरॅमिकचं असतं. मालकानं हौसेनं प्रेशर वाढवलं की ते तुटून तुकडे होण्याचा धोका राहतो. एन१ टर्बोत त्या जागी धातूचं चाक आहे.

याच्याही वर एक झेड-ट्यून आहे. निसानच्या रेसिंग विभागानं, म्हणजे निस्मोनं, कमी चाललेल्या जुन्या आर३४ परत घेऊन २.८ लिटर आणि ५०० पीएसच्या बनवल्या. त्या २० सुद्धा बनल्या नसतील. त्यांची गोष्ट इथंच सोडू.

नवं असताना साधी जीटी-आर आणि एम-स्पेक न्यूर यांच्यात १३ लाख येनचा फरक होता, म्हणजे सव्वा पटीच्या आसपास. आज तो दुप्पट-तिप्पट झाला, तो न्यूर तेवढी पळते म्हणून नाही. हजारच आहेत म्हणून. रंगाचंही तेच. प्रकाश पडेल तसा रंग बदलणारा मिडनाइट पर्पल टू ३०० गाड्यांनाही लागला नाही, मिडनाइट पर्पल थ्री तर त्याच्या निम्म्याहून कमी गाड्यांना. या रंगांमुळं गाडीची चाल तसूभरही बदलत नाही, पण किंमत खूप बदलते. म्हणून रंगाचा कोड पट्टीवर तपासायचा. निळ्या बेसाइड ब्लूचा टीव्ही२, दोन पर्पलचे एलव्ही४ आणि एलएक्स०, न्यूरच्या हिरवट मिलेनियम जेडचा जेडब्ल्यू०. पट्टीवर एक आणि दारावर दुसरा रंग दिसला, तर ती गाडी नंतर रंगवलेली आहे.

अमेरिकेचा २५ वर्षांचा नियम

किमती चढण्यामागं एक कायदाही आहे. अमेरिकेत जी गाडी तिथल्या सुरक्षा नियमांनुसार बनलेली नाही, ती २५ वर्षांची झाल्याशिवाय सहजासहजी आणता येत नाही. आर३४ तिथं कधीच अधिकृतपणे विकली गेली नव्हती. त्यामुळं सिनेमा बघून वेडी झालेली अख्खी पिढी जानेवारी २०२४ ची वाट बघत बसली होती.

यात मेख अशी की वर्षं मोजतात ती गाडी बनल्याच्या महिन्यापासून. १९९९ च्या जीटी-आर आणि व्ही-स्पेक आधी मोकळ्या झाल्या. व्ही-स्पेक टूची पाळी ऑगस्ट २०२५ पासून, एम-स्पेकची मे २०२६ पासून आणि न्यूरची फेब्रुवारी २०२७ पासून. म्हणजे न्यूर विकणारा आजच भविष्यातल्या अमेरिकन गिऱ्हाइकाची किंमत सांगत असतो. अमेरिकेत राहणारा एखादा मराठी माणूस गाडी शोधत असेल, तर त्यानं वर्षावर भागवू नये, महिना विचारावा. ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियात राहणाऱ्याला ही घाई नाही. तिथं या गाड्या आधीपासून आहेत आणि स्टिअरिंगही उजवीकडंच.

बिल्ल्यापेक्षा पत्रा महत्त्वाचा

आता जी गोष्ट जाहिरातीत कुणी लिहीत नाही ती. आर३४ ला गंज लागतो. पुढच्या सस्पेन्शनचा वरचा भाग जिथं बॉडीला मिळतो तो सांधा आणि दाराखाली जॅक लावायच्या जागा, या दोन ठिकाणी आधी बघायचं. जपानच्या उत्तर भागात बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात, तिथली गाडी असेल तर दुप्पट बारकाईनं. वरून चकाचक आणि खालून सडलेली न्यूर घेण्यापेक्षा कोरडी, मूळ रंगातली साधी जीटी-आर केव्हाही परवडते. इंजिन पुन्हा बांधता येतं. निस्मोनं जुन्या जीटी-आरचे बरेच सुटे भाग नव्यानं बनवायला घेतले आहेत. पण सांध्यातला गंज काढायचा म्हणजे अर्धी गाडी कापायची.

जपानी लिलावातून गाडी येत असेल तर तिच्यासोबत तपासणीचा एक कागद असतो. त्यावर गाडीचं चित्र आणि अक्षरं असतात. ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, एस म्हणजे गंज, डब्ल्यू म्हणजे दुरुस्त केलेला पत्रा, एक्सएक्स म्हणजे तो भागच बदललेला. वरच्या कोपऱ्यात ग्रेड. ४ किंवा साडेचार चांगलं, आर किंवा आरए म्हणजे अपघातानंतर दुरुस्त केलेली. आर दिसला की गाडी टाकाऊ असं नाही. एक फेंडर बदललेला आरए आणि पुढची चौकट ओढून सरळ केलेला आर यात खूप फरक आहे. विकणाऱ्यानं कागदाचा फोटो पाठवला तर लिलावाचा नंबर आणि तारीख घेऊन तो स्वतंत्रपणे पडताळून घ्यावा, कारण हा कागद खोटा बनवणारेही आहेत आणि किलोमीटर मागं फिरवणारेही.

भारतात मात्र निवड करायची वेळच येत नाही. इथं वापरलेली गाडी आयात करायची तर ती साधारणपणे तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, वर भरमसाट ड्युटी. आर३४ ची शेवटची गाडी २००२ साली बनली. त्यामुळं मुंबई-पुण्याच्या रील्समध्ये ‘स्कायलाइन’ म्हणून एखादी निळी गाडी दिसली, तर लाइक करण्याआधी तिचे फेंडर, दरवाजे आणि स्टिअरिंगमागचा डॅशबोर्ड नीट बघा. बऱ्याचदा खाली दुसरीच कुठलीतरी सेदान असते.