वगळण्याचे धैर्य : कृष्णधवल छायाचित्रणातील 'मिनिमलिझम'

पावसाळ्यातल्या एखाद्या संध्याकाळी मरिन ड्राइव्हच्या कठड्याशी उभे राहिले, की समुद्र आणि आकाश यांच्यामधली रेघ हळूहळू पुसट होत जाते. क्षणभर नजरेसमोर उरतो तो केवळ करडा अवकाश आणि त्यात दूरवर कुठे तरी एखाद्या जहाजाचा ठिपका. मात्र कॅमेरा हाती घेतला, की आपल्यापैकी बहुतेकांची नजर वळते ती शेजारच्या गर्दीकडे, रंगीत छत्र्यांकडे, उजळू लागलेल्या दिव्यांच्या माळेकडे. रिकाम्या जागेचे कसले आले आहे छायाचित्र, असा आपला रोकडा सवाल असतो. काही छायाचित्रकारांनी याच सवालाचे उत्तर शोधण्यात आयुष्य वेचले. चौकटीत काय घ्यावे, यापेक्षा काय वगळावे याचा विचार करणारी त्यांची शैली 'मिनिमलिझम' या नावाने ओळखली जाते. मराठीत तिला मोजकेपणा म्हणता येईल. या मोजकेपणाचा सर्वांत कसोशीचा आविष्कार कृष्णधवल छायाचित्रणात झाला आणि त्यात मुंबईशी, कोकणच्या किनाऱ्याशी नाते असलेल्या एका भारतीय स्त्रीचे नाव आज आदराने घेतले जाते.

संज्ञा नवी, दृष्टी जुनी

'मिनिमलिझम' ही संज्ञा रूढ झाली ती साठच्या दशकात, अमेरिकेतील शिल्पकलेच्या संदर्भात. डोनाल्ड जड, कार्ल आंद्रे, डॅन फ्लेविन या कलावंतांनी कथा, भावना आणि अलंकरण बाजूला सारून निव्वळ आकार, साहित्य आणि अवकाश यांवर भर दिला. १९६६ साली न्यूयॉर्कच्या ज्यूइश म्युझियममध्ये भरलेले 'प्रायमरी स्ट्रक्चर्स' हे प्रदर्शन या प्रवाहातला महत्त्वाचा टप्पा मानले जाते.

छायाचित्रणातील मोजकेपणा मात्र या संज्ञेहून जुना आहे. डेट्रॉइटचा हॅरी कॅलाहन (१९१२-१९९९) हा कोणत्याही कलाशाळेत न शिकलेला छायाचित्रकार. बर्फातून वर आलेल्या गवताच्या काड्या त्याने चाळीसच्या दशकात टिपल्या. त्या छायाचित्रांत बर्फ इतका शुभ्र, की त्याचा पोत जवळजवळ नाहीसा होतो आणि उरतात त्या शाईच्या रेघांसारख्या काड्या. १९४८ सालच्या एका छायाचित्रात तर पांढऱ्या आकाशावर रानटी गवताची एक काडी आहे, बस्स. इटलीतील सेनिगालिया या गावी छापखाना चालवणाऱ्या मारिओ जाकोमेल्ली (१९२५-२०००) याने साठच्या दशकाच्या आरंभी बर्फात खेळणारे तरुण धर्मविद्यार्थी टिपले. काळ्या झग्यांमधल्या त्या आकृत्या जणू पांढऱ्या कागदावर विखुरलेल्या दिसतात. जमीन कुठे संपते, आकाश कुठे सुरू होते, हे कळतच नाही. आणि कळावेसेही वाटत नाही.

कृष्णधवलच का?

रंग ही माहिती असते. साडी लाल आहे, गवत हिरवे आहे, एवढे कळले की डोळा पुढे सरकतो. रंग काढून घेतला, की वस्तूची ओळख थोडी सैल होते आणि तिचा आकार, पोत आणि तिच्यावर पडलेला प्रकाश पुढे येतो. वास्तवापासून एक पाऊल दूर जाण्याचे काम फिल्मनेच केलेले असते. छायाचित्रकाराला उरलेली पावले टाकायची असतात. म्हणूनच वगळण्याची पहिली पायरी म्हणून अनेकांनी कृष्णधवल माध्यम निवडले.

या वाटेने सर्वांत दूर गेलेल्यांमध्ये हिरोशी सुगिमोटो यांचे नाव अग्रभागी येते. १९४८ साली टोकियोत जन्मलेल्या सुगिमोटो यांनी १९८० पासून जगभरातील समुद्रांची छायाचित्रे टिपली. प्रत्येक चौकटीत क्षितिजाची रेघ बरोबर मध्यभागी. वर हवा, खाली पाणी. होडी नाही, पक्षी नाही, किनाराही नाही. आदिमानवाने पाहिलेला समुद्र आपण आजही तसाच पाहू शकतो का, या कुतूहलातून ही मालिका जन्मली. त्याआधी सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी चित्रपटगृहांची मालिका सुरू केली होती. चित्रपट सुरू होताच कॅमेऱ्याचे शटर उघडायचे आणि तो संपला की मिटायचे. संपूर्ण चित्रपटाचा प्रकाश एकाच निगेटिव्हवर साठतो आणि पडद्याच्या जागी झळाळता पांढरा आयत तेवढा उरतो. हजारो दृश्ये मिळून एक रितेपण तयार होते. पण ते रितेपण पोकळ नसते.

रितेपण पोकळ नसते, याची आणखी गंभीर प्रचीती मायकेल केन्ना यांच्या कामात येते. १९५३ साली इंग्लंडमधील विडनेस या औद्योगिक गावी जन्मलेले केन्ना जपानच्या होक्काइडो बेटावरील हिमाच्छादित दृश्यांसाठी प्रसिद्ध आहेत. चौरस चौकट, पांढराशुभ्र बर्फ, त्यात कुंपणाची रांग किंवा एकुलते एक झाड. त्यांची मुद्रिते आकाराने लहान, जेमतेम आठ इंच चौरस असतात. ती पाहण्यासाठी जवळ जावे लागते. पण याच केन्ना यांनी सुमारे बारा वर्षे नाझी छळछावण्यांच्या अवशेषांचेही छायाचित्रण केले आणि २००० साली ते पूर्ण केले. तेथील चौकटींतही माणूस नाही. तारांचे कुंपण आहे, रेल्वेचे रूळ आहेत, धुके आहे. होक्काइडोच्या चित्रातील रिकामी जागा मनाला निववते. इथली रिकामी जागा कोण नाही, याची आठवण करून देते. तंत्र तेच, शैली तीच. फरक आहे तो वगळण्यामागच्या कारणाचा.

'हे आपले नव्हे'

भारतीय छायाचित्रणाच्या संदर्भात या शैलीवर एक मोठा आक्षेप घेतला जातो आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. रंगीत छायाचित्रणाचे भारतातील अध्वर्यू रघुवीर सिंग (१९४२-१९९९) यांनी 'रिव्हर ऑफ कलर' या १९९८ सालच्या ग्रंथात असे प्रतिपादन केले, की रंग हा भारतीय दृष्टीचा गाभा आहे. कृष्णधवल छायाचित्रणामागे असलेली एकाकीपणाची, अपराधभावाची पाश्चात्त्य जाणीव आपल्या परंपरेत बसत नाही. मुघल आणि राजपूत लघुचित्रांचा वारसा सांगणाऱ्या देशाने रंग का टाकावा, हा त्यांचा प्रश्न होता. याला जोडून दुसरा प्रश्नही विचारता येतो. ज्या देशात रस्त्यावर पाऊल ठेवायला जागा नाही, तिथे निर्मनुष्य चौकट टिपणे ही माणसांकडे केलेली पाठ तर नव्हे?

सिंग हा युक्तिवाद करत होते, तेव्हा त्याला परस्पर उत्तर देणारी काही छायाचित्रे टिपून झालेली होती. ती बहुतेकांना अपरिचित होती, एवढेच.

नसरीन मोहमदी यांचा अवकाश

नसरीन मोहमदी यांचा जन्म १९३७ साली कराचीत झाला. त्यांच्या बालपणीच कुटुंब मुंबईला आले. लंडनच्या सेंट मार्टिन्समध्ये १९५४ ते १९५७ या काळात कलेचे शिक्षण घेऊन त्या परतल्या. तेव्हा मुंबईतील भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूट हे कलावंतांचे मोहोळ होते. तिथे त्यांना वासुदेव गायतोंडे यांचा सहवास लाभला. गायतोंडे यांच्या मितभाषी, अमूर्त चित्रांचा संस्कार त्यांच्यावर खोलवर झाला. पुढे १९७२ पासून त्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकवू लागल्या. ज्या बडोद्यात भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख यांच्यासारखे चित्रकार माणसे, गोष्टी आणि रंग यांनी कॅनव्हास भरत होते, तिथेच नसरीन कागदावर पेन्सिल आणि शाईने समांतर रेषा आखत होत्या.

त्या रेषाचित्रांसाठी त्यांची ख्याती झाली. छायाचित्रे मात्र त्यांनी हयातीत कधीच प्रदर्शित केली नाहीत. त्यांना शीर्षके नाहीत. बहुतेकांवर तारीखही नाही. मागावर ताणलेले ताण्याचे सूत, रस्त्यावर रंगवलेले पांढरे पट्टे, फत्तेपूर सिक्रीतील दगडी फरशी आणि पाण्याची कड, चंडीगडच्या इमारतींच्या सावल्या, ओहोटीने वाळूवर ओढलेल्या रेघा, हे त्यांचे विषय. यातले काहीही दुर्मीळ नाही. मागावरचे सूत इचलकरंजीत दिसते आणि रस्त्यावरचे पट्टे दादरला. नसरीन यांनी मात्र कॅमेरा असा कलता धरला, चौकट अशी आवळली, की रस्त्याचा रस्तेपणा गळून पडला आणि उरली ती प्रकाश कापत जाणारी एक तिरकी रेषा.

रघुवीर सिंग यांच्या आक्षेपाचे उत्तर इथे मिळते. हा मोजकेपणा परदेशातून उसना आणलेला नाही, तो आपल्याच मागावरून आणि फरशीवरून उचललेला आहे. रंग हा भारतीय दृष्टीचा वारसा असेल, तर ताण्या-बाण्याची भूमिती आणि दगडी जाळीतून पडणारे ऊन हाही आहेच. माणसाकडे पाठ फिरवल्याचा आरोपही इथे टिकत नाही. सूत कोणी तरी ताणलेले आहे, फरशी कोणी तरी बसवलेली आहे. माणूस चौकटीत नाही, त्याचे काम आहे.

नसरीन यांच्या आयुष्याची उत्तरकथा चटका लावणारी आहे. स्नायूंवरील ताबा हळूहळू हिरावून घेणाऱ्या चेताविकाराने त्यांना ग्रासले. हात थरथरत असतानाही आखणीच्या उपकरणांच्या साहाय्याने त्या केसासारख्या बारीक, निर्दोष रेषा काढत राहिल्या. १९९० साली, वयाच्या अवघ्या ५३ व्या वर्षी, अलिबागजवळच्या किहीम येथे त्यांचे निधन झाले. जगाने त्यांची दखल घेतली ती त्यानंतर. २०१५ साली माद्रिदच्या रेना सोफिया संग्रहालयात आणि २०१६ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने मेट ब्रॉयर ही नवी शाखा उघडली, तेव्हा तिथल्या पहिल्या प्रदर्शनांमध्ये त्यांचे काम समग्र स्वरूपात मांडले गेले. एकेकाळी खासगी टिपणे समजली गेलेली त्यांची छायाचित्रे आता स्वतंत्र कलाकृती म्हणून अभ्यासली जातात.

तंत्राच्या चार गोष्टी

मोजकी चौकट सोपी दिसते, पण तिच्यात चूक लपवायला जागा नसते. पहिली अडचण प्रकाशमापनाची. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरी करड्या छटेचे आहे, असे गृहीत धरतो. त्यामुळे बर्फ, धुके किंवा पांढरी भिंत टिपली, की ती मळकट करडी येते. ती पांढरी हवी असेल, तर एक ते दोन स्टॉप अधिक प्रकाश द्यावा लागतो. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांची शून्य ते दहा अशी विभागणी करणारी 'झोन सिस्टीम' अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास मांडली. चित्रातील कोणता भाग कोणत्या छटेत उमटावा, हे शटर दाबण्यापूर्वीच ठरवण्याची शिस्त तिने लावली.

दुसरी गोष्ट वेळेची. भिंगावर गडद न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर लावून प्रकाश सुमारे हजार पटींनी कमी करता येतो. तीसांश सेकंदाचे एक्स्पोजर मग जवळजवळ ३४ सेकंदांचे होते. तेवढ्या वेळात लाटांचे धुके होते आणि चालती माणसे चित्रातून नाहीशी होतात. ट्रायपॉड आणि केबल रिलीज यांच्याशिवाय हे साधत नाही. केन्ना यांची रात्रीची काही एक्स्पोजर तर अनेक तासांची आहेत.

तिसरी गोष्ट फिल्टरची. लाल फिल्टर लावला, की निळे आकाश काळवंडते आणि पांढरी भिंत उठून दिसते. डिजिटल कॅमेऱ्यात हेच काम नंतर संगणकावर करता येते. तरीही केवळ कृष्णधवल टिपणारा लायका एम मोनोक्रोम हा डिजिटल कॅमेरा २०१२ साली बाजारात आला, यावरून या माध्यमाची ओढ किती चिवट आहे, ते लक्षात यावे.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट पायांची. रिकामी चौकट सहसा समोर तयार नसते. दोन पावले बाजूला सरकावे, खाली बसावे, विजेची तार किंवा फलक चौकटीबाहेर जाईपर्यंत थांबावे लागते. संगणकावर पुसून टाकणे सोपे. पण जागा बदलताना आपण समोरच्या दृश्याकडे पुन्हा पाहतो, ते पाहणे त्यात हरवते.

साचा आणि साधना

आज मोबाइलवर एका स्पर्शात कृष्णधवल चित्र मिळते. एकटे झाड, एकटी छत्री, एकटा बाक यांची रांग लागली आहे. या लोकप्रियतेची किंमत झाडांनाही मोजावी लागते. होक्काइडोतील बिएई परिसरात शेताच्या कडेला कललेला एक पॉप्लर 'तत्त्वज्ञाचे झाड' म्हणून प्रसिद्ध होता. छायाचित्रांसाठी येणारे पर्यटक शेत तुडवू लागले, झाडही जीर्ण झाले होते. अखेर २०१६ साली शेतकऱ्याने ते तोडले. एकांताचे चित्र मिळवायला गर्दी लोटली आणि त्या गर्दीपायी एकांताचा साक्षीदारच गेला.

मोजकेपणा हा साचा झाला की असे होते. ज्यांनी ही वाट आखली त्यांच्यासाठी तो साचा नव्हता. कॅलाहनने आपल्याच गावातले गवत टिपले, जाकोमेल्लीने आपल्याच गावातले विद्यार्थी, नसरीन यांनी रोजच्या वाटेवरचे पट्टे. पुरेसा वेळ पाहिले, तर जवळची वस्तूही पुरते, एवढेच त्यांचे म्हणणे. पावसाळ्यात पुन्हा मरिन ड्राइव्हला जाणे झाले, तर कॅमेरा लगेच बाहेर काढू नये. क्षितिजाची रेघ पुसली जाईपर्यंत नुसते पाहत उभे राहावे. त्यानंतर जे उरेल, ते टिपावे.