चुन्याच्या निवळीवर वाढलेला समुद्र

समुद्र घरात सांभाळायची विद्या कोळ्यांनी किंवा खलाशांनी घडवलेली नाही. ज्यांच्या दारात समुद्र नव्हता, त्यांनी ती घडवली. समुद्र जवळ असला की पाणी नासल्यावर बादली घेऊन जाता येतं. ते का नासलं याचा विचार करायची वेळच येत नाही.

मी हुबळीच्या देशपांडे नगरात राहते. गंगूबाई हनगल यांचं ‘गंगालहरी’ आणि सवाई गंधर्व सभागृह यांच्यामुळे गाण्याच्या माणसांना ही वस्ती ठाऊक आहे. समुद्राशी तिचा काही संबंध नाही. कारवार दीडशेहून जास्त किलोमीटर, मध्ये सह्याद्री, आणि अंकोल्याची रेल्वे वर्षानुवर्षं रखडलेली. तरी माझ्या पुढच्या खोलीत ६० लिटरच्या टाकीत प्रवाळ वाढतात. आलागेला विचारतो, “इथं हे कसं काय जमवलंत बाई?” मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते, त्यामुळे उत्तर लांबतं आणि थेट १८४६ सालात जातं.

त्या साली ॲना थिन नावाच्या बाईंनी इंग्लंडच्या टॉर्की किनाऱ्यावरून काही जिवंत कठीण प्रवाळ लंडनला नेले. प्रवासात ते हिंदकळून आपटू नयेत म्हणून त्यांनी सुईदोऱ्यानं ते एका मोठ्या स्पंजाला शिवून घेतले. यजमान वेस्टमिन्स्टर ॲबीत धर्माधिकारी, घर लंडनच्या मध्यभागी. समुद्राचं पाणी रोज कोण आणून देणार? मग असलेलंच पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात अर्धा-पाऊण तास ओतत राहायचं, म्हणजे त्यात हवा मिसळते. हे काम घरातली मोलकरीण करायची. नंतर बाईंनी टाकीत सागरी शेवाळ घातलं आणि प्रवाळ तगले. त्यांची टिपणं १८५९ साली छापून आली. प्रवाळाच्या घरगुती टाकीचा इतिहास लिहायचा तर पहिलं नाव त्यांचं घ्यायला हवं, आणि दुसरं त्या मोलकरणीचं घ्यायला हवं. पण ते कुणी लिहून ठेवलं नाही.

त्याच लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानं १८५० साली दाखवून दिलं की मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी यांचा मेळ बसला तर पाणी बदलावं लागत नाही. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडलं. त्यामागे असलेल्या फिलिप हेन्री गॉस यांनी पुढच्याच वर्षी कृत्रिम समुद्राच्या पाण्याची कृती प्रसिद्ध केली. त्यात चार क्षार होते: साधं मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराईड आणि पोटॅशियम क्लोराईड. चुना त्यांनी वगळला. अ‍ॅनिमोनी आणि कोळंब्यांना तेवढं पुरलं. प्रवाळाला पुरण्यासारखं नव्हतं, कारण त्याचा सांगाडा चुन्याचाच. ही उणीव भरून निघायला शंभराहून अधिक वर्षं गेली.

आपल्याकडे हा शौक घरात येण्याआधी सरकारी इमारतीत आला. मद्रासच्या किनाऱ्यावर १९०९ साली सागरी मत्स्यालय उघडलं. दुसऱ्या महायुद्धात ते बंद पडलं. मुंबईत २७ मे १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तारापोरवाला मत्स्यालयाचं उद्‌घाटन झालं. खर्च सुमारे ८ लाख, पैकी २ लाख रुपये एका पारशी दात्याचे. त्यांच्याच घराण्याचं नाव इमारतीला मिळालं. आमच्या पिढीतल्या हुबळी-बेळगावच्या मुलांना मुंबई दाखवायची म्हणजे राणीचा बाग, म्हातारीचा बूट आणि तारापोरवाला. कासवं, शार्क, लक्षद्वीपहून आणलेले रंगीत मासे मी तिथंच पहिल्यांदा पाहिले. २०१५ साली नूतनीकरण झालं तेव्हा तिथं १२ फुटी ॲक्रिलिकचा बोगदाही आला. पण मरीन ड्राइव्हचा रस्ता ओलांडला की समोर अरबी समुद्र. तिथं पाहायला शिकवलं जायचं, पाणी घडवायला नाही.

प्रवाळाच्या बाबतीत पहिलं मोठं वळण आणलं ते मात्र समुद्रकाठच्याच माणसानं. जाकार्ताचे ली चिन एंग यांनी १९६१ साली एका अमेरिकन मासिकात आपली पद्धत मांडली: प्रवाळ खडकांवरचे जिवंत दगड, समुद्राचं पाणी, हवेचे बुडबुडे आणि भरपूर उजेड. दगडांच्या भोकांत राहणारे जिवाणूच घाण पचवतात, वेगळी गाळणी लागत नाही. युरोपातल्या लोकांनी हे वाचलं. त्यांच्याकडे दगड मागवता येत होते, पण ऊन आणि समुद्र नव्हता. मग ती उणीव त्यांनी यंत्रांनी आणि रसायनांनी भरून काढली. १९७० आणि ८० च्या दशकांत बर्लिनच्या हौशी मंडळींनी जी घडी बसवली, ती आज ‘बर्लिन पद्धत’ म्हणून जगभर चालते. जिवंत दगड; बारीक बुडबुड्यांच्या फेसाबरोबर सेंद्रिय घाण बाहेर काढणारं स्किमर; प्रखर दिवे, कारण प्रवाळाच्या पेशीत राहणारी सूक्ष्म शैवालं उजेडावर अन्न बनवतात आणि त्यातलं बरंचसं प्रवाळाला मिळतं; आणि चौथी गोष्ट, पीटर विल्केन्स यांनी रूढ केलेली चुन्याची निवळी.

हो, तीच. शाळेत नळीतून फुंकर मारून दुधाळ केलेली निवळी. विरलेला चुना लिटरभर पाण्यात जेमतेम दीड ग्रॅम विरघळतो, वर नितळ पाणी राहतं, त्याचा सामू १२ च्या वर. ते रात्री थेंबथेंब सोडायचं, कारण अंधारात टाकीचा सामू उतरतो आणि निवळी तो सावरून धरते. शिवाय दिवसभरात उडून गेलेल्या पाण्याची भरपाईही होते. एकदम ओतलं तर चुना पांढऱ्या राखेसारखा खाली बसतो आणि जीव भाजतात. आमच्या दुर्गदबैलच्या बाजारातला पानाचा चुना इथं चालत नाही. प्रयोगशाळेचा शुद्ध लागतो. गॉस यांनी वगळलेला पदार्थ परत आला आणि कठीण प्रवाळ टाकीत नुसते तगायचे थांबून वाढायला लागले.

आमच्याकडचं काम तेच, फक्त गावाप्रमाणे बदललेलं. मलप्रभेचं नळाचं पाणी आधी आरओतून, मग रेझिनमधून काढायचं. त्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम सागरी क्षारमिश्रण घालून रात्रभर ढवळत ठेवायचं. दर आठवड्याला टाकीतलं दहावा हिस्सा पाणी बदलायचं. उडालेल्या पाण्याच्या जागी मात्र गोडं पाणीच घालायचं, कारण मीठ उडत नाही. कॅल्शियम लिटरला ४२० मिलिग्रॅमच्या आसपास, क्षारता ८ अंश, तापमान २५-२६. टाकी लहान असली की काम सोपं असतं असं लोकांना वाटतं. उलट आहे. पाणी थोडं, म्हणजे एका मेलेल्या गोगलगायीनंही हिशेब बिघडतो.

उन्हाळ्यात हुबळीचा पारा ३७-३८ वर जातो. पाणी ३० च्या वर बराच वेळ राहिलं की प्रवाळ आपली शैवालं बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. उपाय साधा: पाण्याच्या पृष्ठभागावर एक छोटा पंखा. आमच्या कोरड्या वैशाखात त्यानं पाणी दोन-तीन अंश सहज उतरतं. मुंबईच्या दमट हवेत तोच पंखा नुसता फिरत बसतो. समुद्रापासून लांब राहण्याचा हा फायदा मला कुठल्या पुस्तकात मिळाला नाही. वीज गेली तर बॅटरीवरचा हवेचा पंप. प्रवाळाला अंधार एक दिवस चालतो, थांबलेलं पाणी चालत नाही.

आता अशा टाक्यांच्या स्पर्धांविषयी. शोभेच्या टाक्यांची जागतिक स्पर्धा जपानच्या ताकाशी अमानो यांनी २००१ साली सुरू केली. ती पाणवनस्पतींची, प्रवेशिका म्हणून टाकीचा फोटो पाठवायचा. प्रवाळवाल्यांतही फोटोवरून निवाडा करायची रीत रुजली, आणि तिथंच घोळ झाला. फोटोपुरती टाकी महिनाभरात विकत घेऊन सजवता येते. निळ्या दिव्याखाली काहीही चमकतं. गवयाची परीक्षा त्याचा फोटो बघून कुणी घेत नाही. इथं मात्र घेतात.

बर्लिनच्या मंडळींत मान मिळवायची रीत वेगळी होती. डीट्रिश श्ट्यूबर यांच्या टाकीतल्या एका ॲक्रोपोरा प्रवाळाचे तुकडे त्यांनी वाटले, घेणाऱ्यांनी वाढवून पुढे वाटले, आणि त्यांच्या नावानं ओळखली जाणारी ती वंशवेल युरोपभर पसरली. समुद्रातून नवा तुकडा काढावा लागला नाही. मोठेपणा ठरला तो किती जणांच्या घरी तुमचा प्रवाळ जगतोय यावर.

आपल्याकडे तर हा मुद्दा कायद्याचाही आहे. २००१ सालापासून सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटावरून किंवा मालवणच्या १९८७ साली जाहीर झालेल्या सागरी अभयारण्यातून खपलीएवढं पोवळं काढणं हा गुन्हा आहे. म्हणून माझ्या टाकीत कठीण प्रवाळ नाहीत. झोआ आणि मशरूम हे मऊ प्रकार आहेत, तेही दुसऱ्या हौशींच्या टाकीत वाढलेले; दगडसुद्धा समुद्रातले नाहीत. मग निवळी कशाला? दगडांवर चढणारं गुलाबी शेवाळ चुन्याचंच असतं, आणि ते चढलं म्हणजे पाणी जमलं.

पुण्यात, बेळगावात, आमच्या हुबळीत कुणी प्रवाळाच्या टाक्यांची स्पर्धा भरवणार असेल तर माझं एवढंच सांगणं आहे. फोटो मागवू नका. टाकी किती वर्षांची, पाण्याच्या नोंदींची वही कुठे आहे, आणि तुमच्याकडचे तुकडे किती घरांत वाढताहेत, हे तीन प्रश्न विचारा आणि त्यावर गुण द्या. समुद्रातून उचलून आणलेल्या टाकीला, ती कितीही देखणी असली तरी, दारातूनच परत पाठवा.