बॅंटिंगचे पथ्य

१८६२ सालच्या ऑगस्ट महिन्यात लंडनमधील एका वृद्ध गृहस्थाचे वजन २०२ पौंड, म्हणजे सुमारे ९२ किलो भरले. उंची अवघी ५ फूट ५ इंच. बुटाची नाडी बांधण्यासाठी वाकणे त्याला अशक्य झाले होते. गुडघ्यांवर व घोट्यांवर ताण पडू नये म्हणून जिना उतरताना तो पाठमोरा होऊन हळूहळू एकेक पायरी उतरे. चारचौघांत गेल्यास लोकांच्या टवाळीचे शब्द कानी पडत, म्हणून तो घराबाहेर पडणेही टाळू लागला. या गृहस्थाचे नाव विल्यम बॅंटिंग.

बॅंटिंग घराण्याची पेढी अंत्यविधींची व्यवस्था करण्याच्या व्यवसायात होती. १८५२ साली ड्यूक ऑफ वेलिंग्टन याच्या भव्य अंत्ययात्रेचे काम याच पेढीकडे होते. अशा संपन्न माणसाने स्थूलतेवर उपाय केले नसतील असे नाही. वैद्यांच्या सांगण्यावरून तो भल्या पहाटे टेम्स नदीवर तास दोन तास नाव वल्हवीत असे. त्याने अंगात बळ आले, पण भूकही अशी खवळली की वजन उलट वाढले. बाष्पस्नाने झाली, तीही पन्नासपर्यंत; घटले अवघे सहा पौंड. औषधांचा तर हिशेबच नव्हता. एवढे सारे करीत असता त्याचा नित्याचा आहार मात्र तसाच राहिला होता. सकाळी भरपूर दूध-साखर घातलेला चहा आणि लोणी लावलेला पाव, दुपारी मांसाबरोबर पाव, बिअर व पिठाचे गोड पदार्थ, सायंकाळी पुन्हा सकाळचाच प्रकार, आणि रात्री फळे भरलेली गोड पोळी.

शेवटी ऐकू कमी येऊ लागले म्हणून तो विल्यम हार्वे या कर्णरोगतज्ज्ञाकडे गेला. रक्ताभिसरणाचा शोध लावणारा सतराव्या शतकातील हार्वे तो हा नव्हे. या हार्वेने १८५६ साली पॅरिसमध्ये क्लोद बर्नार याची व्याख्याने ऐकली होती. यकृत स्वतः साखर निर्माण करते, हा बर्नारचा शोध. मधुमेहात साखर व पिष्टमय पदार्थ अपायकारक ठरतात, तर शरीरात मेद साठण्यातही त्यांचा हात असावा, असा तर्क हार्वेने बांधला. त्याने बॅंटिंगला पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे ही सहा वस्तूंची यादी देऊन ती शक्य तितकी वर्ज्य करण्यास सांगितले. पाव अगदीच सुटेना, तर एका वेळी औंसभर, म्हणजे २८ ग्रॅम, कोरडा भाजलेला तुकडा. मांस, मासे, भाज्या व फळे यांना मोकळीक होती. पण त्यांचीही मापे ठरलेली होती.

आता परिणाम पाहा. बॅंटिंगने साधारण तीन-तीन आठवड्यांनी वजन करून त्याची नोंद ठेवली. बहुतेक नोंदींत दोन-तीन पौंडांचीच घट दिसते. एकाही आठवड्यात चमत्कार घडला नाही. पण वर्षाअखेर ४६ पौंड उतरले आणि कमरेचा घेर १२ इंचांहून अधिक कमी झाला. जिना आता तो सरळ तोंडाने उतरू लागला. १८६३ साली त्याने हा अनुभव छोट्या पुस्तिकेच्या रूपाने स्वखर्चाने छापून फुकट वाटला. डॉक्टर मंडळींनी हेटाळणी केली, लोकांनी मात्र पुस्तिका उचलून धरली. त्याचे आडनावच क्रियापद झाले. स्वीडिश भाषेत पथ्य करून वजन उतरविण्याला आजही ‘बांता’ म्हणतात. बॅंटिंग १८७८ साली वयाच्या ८१ व्या वर्षी वारला.

श्रोतेहो, या हकिकतीवरून भाकरी आणि भात हेच मेदाचे मूळ, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. एका माणसाचा अनुभव म्हणजे शास्त्रीय सिद्धांत नव्हे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ६०९ व्यक्तींवर वर्षभर केलेला प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना पिष्ट कमी, निम्म्यांना स्निग्ध कमी. दोन्ही गटांच्या वजनातील घट जवळजवळ सारखीच निघाली. शिवाय बॅंटिंगच्या पथ्यात मद्याचे पेले होते, त्यांचे अनुकरण आज कोणी करू नये. आणि ज्यांना मधुमेहादी विकार आहेत त्यांनी वैद्यांना विचारल्यावाचून ताटात मोठा फेरफार करू नये.

मग बॅंटिंगपासून घ्यायचे काय? नाव, बाष्पस्नाने आणि औषधे हे सारे उपाय त्याच्या दिनक्रमाला बाहेरून चिकटवलेले होते. ते चालू असेपर्यंत चालत आणि सुटले की सुटत. दिनक्रम मात्र जिथल्या तिथे राही. हार्वेने त्या दिनक्रमालाच हात घातला. रोज सकाळी समोर येणारा चहाचा पेला आणि पावाचा तुकडा बदलला, माप ठरले आणि नोंद ठेवली गेली. रोजच्या रोज नकळत चढलेला भार रोजच्या रोज, जाणीवपूर्वकच उतरवावा लागतो. वीस दिवसांत दोन पौंड ही प्रगती डोळ्यांत भरत नाही. परंतु पाठमोऱ्या माणसाला जिन्यावर पुन्हा समोर पाहता आले, ते त्या दोन-दोन पौंडांच्या बळावरच.